पाच हजार व्होल्ट आणि चौदा मिलिमीटर

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात विजेच्या तपासणीची उपकरणे तयार होतात. त्यांतले सर्वाधिक खपणारे उपकरण म्हणजे इन्सुलेशन टेस्टर, ज्याला कोणत्याही कंपनीचे असले तरी बाजारात सगळे सरसकट ‘मेगर’ म्हणतात. मोटरच्या गुंडाळीला, केबलला किंवा ट्रान्सफॉर्मरला ५ किलोव्होल्टपर्यंतचा एकदिश दाब द्यायचा, इन्सुलेशनमधून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजायचा आणि त्यावरून इन्सुलेशन किती शाबूत आहे ते सांगायचे, एवढेच त्याचे काम. काही वर्षांपूर्वी आम्ही हे उपकरण खांद्याच्या पिशवीत मावेल एवढे लहान करायचे ठरवले. बॅटरी लहान झाली, दाब वाढवणारे सर्किट एका छोट्या पट्टीवर बसले, पडदा पातळ झाला. पण ज्या सॉकेटांत लीड, म्हणजे चाचणीच्या तारा, खुपसायच्या ती सॉकेटे जुन्याच आकाराची राहिली. शेजारी शेजारी लावली तर उपकरणाची एक अख्खी बाजू त्यांनीच व्यापली असती. म्हणून नवा कनेक्टर घडवायचे काम माझ्याकडे आले. बाहेरचा व्यास १४ मिलिमीटर, पेटीच्या आतली खोली २४ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि दाब ५,००० व्होल्ट. मी होकार दिला तेव्हा हे दोन महिन्यांचे काम आहे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात दोन पावसाळे गेले.

तयार कनेक्टर का घेतला नाही, हे आधी सांगायला हवे, कारण तो प्रश्न मलाही पहिल्याच दिवशी विचारला गेला होता. प्रयोगशाळांमध्ये ५ किलोव्होल्टसाठी एसएचव्ही नावाचा कनेक्टर वापरतात आणि तो खरोखर चांगला आहे. त्याचा मधला पिन खोल दडवलेला असतो, आणि जोडताना बाहेरचे धातूचे कवच आधी टेकते. त्याच्या आधीचा एमएचव्ही हा प्रकार दिसायला बीएनसी या कमी दाबाच्या साध्या कनेक्टरसारखा होता, आणि त्या साम्यामुळे भलतीच केबल भलतीकडे खुपसली जाण्याचा धोका होता. एसएचव्हीने तो धोका घालवला. परंतु त्याचे बाहेरचे कवच धातूचे असते आणि ते अर्थिंगला जोडलेले असणार, हे त्यात गृहीत धरलेले असते. आमचे उपकरण बॅटरीवर चालते, हातात धरले जाते आणि त्याला अर्थिंगच नसते. माणसाच्या बोटाला लागेल असा धातूचा एकही भाग मला त्यात नको होता.

सुरुवातीची माझी समजूत बहुतेक इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची असते तीच होती. हवा साधारणपणे दर मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट सहन करते, म्हणजे ५ किलोव्होल्टला दोन मिलिमीटर पुरे, आणि सुरक्षिततेसाठी तीन धरावेत, असा माझा हिशेब होता. हा आकडा खोटा नाही, पण तो दोन गुळगुळीत आणि समांतर पृष्ठभागांमधल्या स्वच्छ हवेचा आहे. टोकदार भाग आला की त्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटते आणि हवा कितीतरी कमी दाबाला फुटू लागते. शिवाय कनेक्टरमध्ये दोन धातूंच्या मध्ये निव्वळ हवा कधीच नसते. त्यांना धरून ठेवणारे प्लास्टिक असते, आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागावरून वीज सरकते. म्हणून आयईसी ६०६६४-१ या मानकात दोन अंतरे वेगवेगळी मोजतात. हवेतून जाणारे सर्वात जवळचे अंतर म्हणजे क्लिअरन्स, आणि पृष्ठभाग धरून जाणारे सर्वात जवळचे अंतर म्हणजे क्रीपेज. मुंगी उडी न मारता एका धातूपासून दुसऱ्यापर्यंत जितकी चालेल तितके क्रीपेज, असे मी पुढे नव्या मुलांना सांगू लागलो.

त्या मानकातला तक्ता पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा माझे तीन मिलिमीटर कुठल्या कुठे उडून गेले. सर्वसाधारण घरगुती किंवा कार्यालयीन स्वच्छतेत, म्हणजे प्रदूषणाच्या दुसऱ्या श्रेणीत, ५,००० व्होल्टसाठी क्रीपेज हवे २५ मिलिमीटर, तेही प्लास्टिक सर्वोत्तम गटातले असेल तर. मधल्या गटातले असेल तर ३६, आणि तिसऱ्या गटातले असेल तर ५०. हातात धरायच्या उपकरणाला दुपदरी किंवा मजबूत इन्सुलेशन लागते, त्यामुळे हे आकडे दुप्पट करायचे. थोडक्यात, २४ मिलिमीटर खोलीच्या भोकात मला किमान ५० मिलिमीटर लांबीची वाट बसवायची होती.

वाट लांब करायचा सोपा उपाय म्हणून मी आतल्या नळीवर बारीक खाचा काढल्या. प्रत्येक खाच ०.६ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर खोल, अशा बारा. प्रत्येक खाचेत तीन मिलिमीटर उतार-चढ, म्हणून बारा खाचांचे छत्तीस मिलिमीटर आयते मिळाले, असा हिशेब मी मोठ्या समाधानाने वहीत मांडला. आमच्याकडे सल्लागार म्हणून येणारे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी चहा पितापिता ते रेखाचित्र पाहिले आणि विचारले, “या खाचा मुंगीसाठी आहेत की पाण्याच्या थेंबासाठी?” मला कळले नाही. त्यांनी मानकातले पान उघडून दाखवले. दुसऱ्या प्रदूषण श्रेणीत एक मिलिमीटरपेक्षा अरुंद खाच मोजायचीच नाही, ती बुजलेली आहे असे समजून वरून सरळ रेघ ओढायची. तिसऱ्या श्रेणीत ही मर्यादा दीड मिलिमीटर होते. अरुंद खाचेत धूळ साचते, तिच्यात ओल धरते आणि वीज त्या पुलावरून थेट जाते. माझ्या बारा खाचांची किंमत शून्य होती. त्यांचा एकच उपयोग झाला असता, तो म्हणजे मळ साठवण्याचा.

त्यानंतर खाचा सोडून मी एकात एक नळ्यांकडे वळलो. मध्यभागी २ मिलिमीटर व्यासाचा पिन. त्याभोवती प्लास्टिकची एक नळी, जिची भिंत १.२ मिलिमीटर जाड आणि उंची १८ मिलिमीटर. तिच्याभोवती २.२ मिलिमीटर रुंदीची गोल खोबण, आणि मग दीड मिलिमीटरची बाहेरची भिंत. लीडच्या प्लगला पुढे एक पोकळ बाही, जी बरोबर त्या खोबणीत उतरते. आता पिनच्या बुडापासून निघालेल्या मुंगीला आधी नळीच्या आतून १८ मिलिमीटर चढावे लागते, काठावरून १.२ मिलिमीटर ओलांडावे लागते, बाहेरून पुन्हा १८ उतरावे लागते आणि खोबणीच्या पलीकडच्या भिंतीवर आणखी १८ चढावे लागते. एकूण पंचावन्न मिलिमीटर, खोबणीचा तळ न मोजता. बाहेरचा व्यास १३.८ भरला. शिवाय मध्ये घन भिंत असल्यामुळे हवेलाही हीच वळणे घ्यावी लागतात, म्हणून क्लिअरन्सची वेगळी चिंता उरली नाही. मानकातले क्लिअरन्सचे आकडे समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपर्यंतचे आहेत आणि त्यावर विरळ हवेसाठी ते वाढवावे लागतात, ३,००० मीटरला १.१४ पटीने आणि ४,००० ला १.२९ पटीने. जेमतेम ३१० मीटरवरच्या नागपुरात हा विचार कोणाच्या मनात येत नाही, पण पुढे लेहहून एकाने विचारणा केली तेव्हा मला निर्धास्तपणे हो म्हणता आले.

प्लास्टिक निवडताना मात्र महाग ते चांगले या समजुतीने मला फसवले. मला पीक (PEEK) नावाचे प्लास्टिक हवे होते, कारण ते उष्णतेला आणि रसायनांना दाद देत नाही, आणि किंमत ऐकूनच आदर वाटतो. साचेवाल्यांना एलसीपी नावाचे प्लास्टिक हवे होते, कारण ते पातळ भिंतीत पाण्यासारखे वाहते. पण पृष्ठभागावरून वीज सरकू न देण्याच्या गुणाचे मोजमाप वेगळे आहे. त्याला सीटीआय म्हणतात. नमुन्यावर ४ मिलिमीटर अंतराने दोन इलेक्ट्रोड टेकवतात, मध्ये ०.१ टक्का अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाचे थेंब दर तीस सेकंदांनी टाकतात आणि पन्नास थेंबांपर्यंत किती व्होल्टला पृष्ठभाग जळून कोळशाची वाट पडत नाही ते पाहतात. ६०० किंवा त्याहून वर टिकले तर पहिला गट. पीक आणि एलसीपी दोन्ही या परीक्षेत दीडशेच्या आसपास राहतात, म्हणजे तळाच्या गटात. त्यांच्यासाठी मला ५० च्या जागी १०० मिलिमीटर वाट लागली असती. नायलॉन परीक्षा उत्तम पास होते, पण ते हवेतली ओल पिते आणि त्याचा रोध घसरतो. शेवटी काचतंतू न घातलेले साधे पीबीटी ठरले, जे या परीक्षेत ६०० गाठते आणि ओलही फारशी घेत नाही. त्यातही आगरोधक ब्रोमीनयुक्त मसाला घातलेली जात घेतली तर सीटीआय निम्म्याहून खाली येऊ शकतो, हे एका पुरवठादाराने सांगितले नाही. ते मला कागदपत्राच्या दुसऱ्या पानावरच्या बारीक अक्षरांत सापडले. तो माल परत गेला.

साचा करण्याआधी नमुने म्हणून टेफ्लॉनच्या दांड्यातून लेथवर सहा जोड्या कातून घेतल्या. टेफ्लॉन कातायला लोण्यासारखे, पण मापात ठेवायला त्रासदायक. पकडीत जरा दाबले की दबते आणि सोडल्यावर सावकाश पसरते. ते नमुने एप्रिलच्या शेवटी तयार झाले आणि मेमध्ये मी ते तपासायला घेतले.

इथे नागपूरचा उन्हाळा या गोष्टीत शिरतो. नवतपा जवळ आलेला, बाहेर ४५ अंश, हवा इतकी कोरडी की ओठ फुटावेत. अशा हवेत कोणताही कनेक्टर उत्तीर्ण होतो. सकाळी मी लीडचे दुसरे टोक मोकळे ठेवून उपकरण लावले की वाचन ५ टेराओहमच्या वर, म्हणजे उपकरणाच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे जायचे. ५ किलोव्होल्टला १ टेराओहम म्हणजे अवघा ५ नॅनोअँपिअर प्रवाह, त्यामुळे या मोजमापात कनेक्टरमधून झिरपणारा एक नॅनोअँपिअरसुद्धा निकाल बिघडवतो. सकाळचे आकडे पाहून मी खूश होतो. पण दुपारी एकनंतर तीच जोडी, तीच लीड, तेच उपकरण, आणि वाचन ३०० गिगाओहमवर घसरलेले. संध्याकाळी सात वाजता पुन्हा ठीक.

चार दिवस मी उष्णतेवर संशय घेतला. तापमान वाढले की इन्सुलेशनचा रोध घटतो, हा नियम तोंडपाठ होता, म्हणून एक जोडी ओव्हनमध्ये ५० अंशांवर ठेवून मोजली. काही फरक पडला नाही. मग वाटले, कूलरच्या झोतामुळे लीड हलते आहे, कारण केबल हलली की तिच्या आवरणात घर्षणाने भार तयार होतो आणि नॅनोअँपिअरच्या मापात तो सहज दिसतो. लीड टेबलाला चिकटपट्टीने बांधली. वाचन स्थिर झाले, पण खालीच स्थिर झाले. पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजताही वाचन उत्तम आले. मी चक्रावून उठलो तेव्हा लक्षात आले की खोलीत उकडते आहे. कूलरचा पंखा चालू होता, पण पोऱ्या सकाळी टाकीत पाणी भरायला विसरला होता आणि गवताच्या जाळ्या खडखडीत वाळल्या होत्या. पाणी भरायला लावले. पंचवीस मिनिटांत आकडा खाली येऊ लागला.

अर्थात ओल सगळ्या जोड्यांवर सारखीच येत होती, मग सहापैकी दोन जोड्यांचे वाचन का घसरत नव्हते? त्या दोन जोड्या लेथवरून आल्यावर मी दाखवण्यासाठी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन डबीत ठेवल्या होत्या. बाकीच्या चार सगळ्यांच्या हातांतून फिरल्या होत्या. घामातले मीठ आणि लेथवरच्या तेलाचा अंश पृष्ठभागावर होता. कोरड्या हवेत त्याला काही करता येत नव्हते आणि कूलरची ओल मिळताच तोच थर वाहक होत होता. त्याही चार जोड्या धुतल्या, वाळवल्या आणि रबरी हातमोजे घालून पुन्हा जोडल्या. कूलर चालू, टाकी भरलेली, आणि वाचन ५ टेराओहमच्या वर. मी त्या दिवशीच्या वहीत फक्त एवढेच लिहिले आहे : “हात धुणे.”

यातून दोन बदल निघाले. पहिला बदल गार्डचा. आमच्या उपकरणात मोजणारे सर्किट कमी दाबाच्या बाजूला आहे, आणि गार्ड म्हणजे मोजणी टाळून थेट स्रोताकडे परत जाणारी वाट. सॉकेटच्या बाहेरच्या भिंतीच्या काठाशी आतून पितळेची एक पातळ कडी बसवली आणि ती गार्डला जोडली. प्लग बसला की ती पूर्ण झाकली जाते, त्यामुळे बोट न लागण्याची अट मोडत नाही. पिनपासून पृष्ठभागावरून जे काही झिरपेल ते आता या कडीत पडते आणि मोजणीत न येता परत जाते. वाटेतले दोन मिलिमीटर कमी झाले, पण ५३ उरले आणि ते पुरेसे होते. गार्डची कडी पृष्ठभाग स्वच्छ करत नाही, फक्त त्याची चूक हिशेबात येऊ देत नाही. थर जाड झाला तर झिरपणारा प्रवाह पृष्ठभाग तापवतो आणि जाळतो, ते कडी थांबवू शकत नाही. म्हणून दुसरा बदल लागला. तो होता दमट हवा आणि राख आतच न येऊ देण्याचा.

राख हा शब्द मी सहज वापरत नाही. आमचे गिऱ्हाईक कोराडी-खापरखेड्याच्या परिसरात काम करते, जिथे औष्णिक वीज केंद्रांमुळे उडती राख सगळ्यांच्या परिचयाची आहे, आणि पावसाळ्यात तिला ओल लागली की तिसरी प्रदूषण श्रेणी कशाला म्हणतात ते पुस्तक न उघडता समजते. त्या श्रेणीत सर्वोत्तम प्लास्टिकलाही ५ किलोव्होल्टसाठी ६३ मिलिमीटर लागतात आणि मजबूत इन्सुलेशनसाठी त्याच्या दुप्पट. ते १४ मिलिमीटरच्या कनेक्टरमध्ये बसवणे मला शक्य नव्हते. मानक एक सवलत देते : तुम्ही आतली जागा बंदिस्त केली तर बाहेरची नव्हे, आतली श्रेणी धरावी. म्हणून प्लगच्या मुळाशी सिलिकॉन रबराची ओठासारखी पातळ कडी आली, जी सॉकेटच्या तोंडावर बसून आतली जागा बंद करते. आणि प्लग काढलेला असताना उघड्या सॉकेटवर दाब येऊच नये म्हणून प्लगमध्ये एक छोटे लोहचुंबक आणि पॅनेलच्या मागे रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आले की चालू होणारा स्विच, बसवला. प्लग पूर्ण आत नसेल तर उच्च दाब सुरूच होत नाही.

कागदावर हे सुरेख होते. पहिल्या मोसमात आम्ही पाच उपकरणे ओळखीच्या ठेकेदारांना वापरायला दिली आणि आठवड्यात तक्रार आली की मशीन आठव्या-नवव्या मिनिटाला आपोआप बंद पडते. मोटरच्या गुंडाळीची पोलरायझेशन इंडेक्स चाचणी दहा मिनिटांची असते. दहाव्या मिनिटाच्या रोधाला पहिल्या मिनिटाच्या रोधाने भागायचे आणि भागाकार दोनच्या वर आला तर गुंडाळी साधारणपणे चांगली समजायची. आठव्या मिनिटाला बंद पडणारे उपकरण म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि त्याआधी गुंडाळी डिस्चार्ज करत थांबणे. ठेकेदार मला फोनवर म्हणाले, “साहेब, तुमचं मशीन जेवायला जाऊन राहिलं का मधातच?” आम्ही बॅटरी तपासली, सॉफ्टवेअर तपासले, आणि दोन दिवस एकमेकांवर ढकलले.

कारण शेवटी डोळ्यांनी दिसले. मी प्लग खुपसून समोर बसून राहिलो आणि तो हळूहळू, घड्याळाच्या तासकाट्यासारखा, मागे येत होता. ओठाची कडी खोबणीच्या तोंडाशी फार लवकर टेकत होती, त्यामुळे उरलेल्या चार-पाच मिलिमीटरमध्ये आतली हवा सायकलच्या पंपासारखी दाबली जात होती, आणि ती दाबलेली हवा प्लगला बुचासारखी बाहेर ढकलत होती. तीन मिलिमीटर मागे आला की चुंबक रीड स्विचपासून दूर, आणि विजेचा दाब बंद. सुरक्षिततेची यंत्रणा तिचे काम चोख करत होती, हे त्यातल्या त्यात समाधान. उपाय साधा निघाला. ओठाची जागा मागे सरकवली, म्हणजे ती शेवटच्या दीड मिलिमीटरलाच टेकते, आणि बाहीच्या बाहेरून एक उथळ, लांब खाच दिली, जिच्यातून तोवर हवा निघून जाते. शिवाय एक हलकी ‘टक्’ देणारी खोबण दिली, जिच्यामुळे प्लग बसल्याचे हाताला कळते.

दुसरी चूक ग्रीसची. कडी सहज सरकावी म्हणून आम्ही तिला सिलिकॉन ग्रीस लावले होते. सहा आठवड्यांनी प्लग इतके घट्ट झाले की एका ठेकेदाराने तो लीड धरून ओढला आणि केबल हातात आली. सिलिकॉनचे तेल सिलिकॉन रबरात शिरते आणि रबर फुगते. हे रसायनशास्त्र जाणणाऱ्याने एका वाक्यात सांगितले असते, पण आम्ही कोणाला विचारले नव्हते. फ्लोरिनेटेड ग्रीस महाग पडते, मात्र कनेक्टरला लागते तांदळाच्या दाण्याएवढे. तेव्हापासून तेच वापरतो. तुटलेल्या केबलमुळे लीडच्या मुळाशी ताण घेणारी पकडही सुधारली गेली, ती मूळ रेखाचित्रात अगदीच लेचीपेची होती.

केबल आणि पिन जोडण्याचा भागही सोपा नव्हता. रात्री नऊनंतर, कारखान्याचे दिवे मालवून, आम्ही प्रत्येक नमुना ८ किलोव्होल्टला एक मिनिट ठेवून नुसते ऐकत आणि पाहत बसायचो. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. चौथ्या नमुन्यात बारीक सिसकारी ऐकू आली, तोंडाजवळ ओझोनचा तो तिखट वास आला, आणि मग पिनच्या मागच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा जांभळा ठिपका दिसला. दिवे लावून भिंगाखाली पाहिले तर क्रिम्पमधून, म्हणजे तारेवर पिन दाबून बसवलेल्या जोडातून, सुटलेला तांब्याचा एकच धागा, केसापेक्षा जरा जाड, बाहेर डोकावत होता. बाकी सगळे अंतर, सगळ्या नळ्या, सगळा हिशेब बरोबर असताना त्या एका धाग्याने हवा फोडायला सुरुवात केली होती. असा ठिपका लगेच काही बिघडवत नाही. पण ओझोन रबराला खातो आणि दमट हवेत नायट्रिक आम्ल तयार होते, म्हणजे सहा महिन्यांनी बिघाड निश्चित. आता क्रिम्पवर एक गुळगुळीत धातूची टोपी चढते आणि मगच तो भाग इपॉक्सीत बुडतो. इपॉक्सी ओतण्याआधी निर्वात पात्रात ठेवून बुडबुडे काढावे लागतात, कारण घन पदार्थातल्या हवेच्या बुडबुड्यावर आजूबाजूच्या पदार्थापेक्षा जास्त ताण येतो.

साच्याबद्दल फार लिहीत नाही, ती टूलरूमच्या काकांची कथा आहे. एवढेच सांगतो की १८ मिलिमीटर उंच आणि १.२ मिलिमीटर जाड भिंत साच्यातून बाहेर काढायला तिला किंचित उतार द्यावा लागतो. काका म्हणाले, “एक डिग्री द्या साहेब. नाही तर पीस साच्यातच बसून राहते.” एका अंशाने प्रत्येक बाजूला ०.३१ मिलिमीटर जाणार होते, आणि २.२ मिलिमीटरच्या खोबणीत दोन्ही भिंतींचे मिळून सव्वासहा दशांश म्हणजे तळाशी बाही शिरणारच नाही. शेवटी अर्ध्या अंशावर तडजोड झाली, बाहीलाही तेवढाच उतार दिला, आणि काकांनी साच्याचा तो भाग स्वतः हाताने पॉलिश केला. पहिले पीस करवतीने उभे कापले तेव्हा भिंत एका बाजूला १.५ आणि दुसऱ्या बाजूला ०.९ निघाली, कारण इंजेक्शनच्या दाबाने मधला पोलादी गाभा वाकत होता. प्लास्टिक एका बाजूने सोडण्याऐवजी तीन बाजूंनी सोडले आणि फरक दशांशाच्या आत आला. पीबीटीचे दाणे आधी १२० अंशांवर चार तास वाळवणे ही शिस्तही तिथेच लागली. एकदा घाईत दोन तासांवर भागवले, तर ते पीस हाताने वाकवताच तडकले.

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यात, मी पहिली पंचवीस उपकरणे गॅलरीत सहा दिवस उघडी ठेवली, प्लग लावून. सहाव्या दिवशी तेवीस उपकरणांचे वाचन टेराओहमच्या वर होते; दोन उपकरणांचे नव्हते आणि त्या दोघांच्या ओठाची कडी उलटी बसवलेली निघाली. आता कडीच्या एका बाजूला उंचवटा आहे, त्यामुळे ती उलटी बसतच नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सॉकेटची रबरी टोपी दोरीला बांधलेली असते आणि दोरी चार-सहा महिन्यांत तुटते. मग आत धूळ जाते, आणि ज्याच्या हातात उपकरण आहे तो ती काढायला काय करतो, तर तोंडाने जोरात फुंकतो. फुंकरीबरोबर वाफ आणि थुंकीचे बारीक कण नेमके त्याच नळीत जातात जी कोरडी ठेवायला आम्ही दोन वर्षे घालवली. टोपीच्या आतल्या बाजूला आम्ही ‘फुंकू नये’ असे उठावदार अक्षरांत छापले. ठेकेदार भेटले तेव्हा म्हणाले, वाचलं साहेब, आता पोरं फुंकत नाहीत. मग काय करतात, असे विचारले, तर म्हणाले, “दुपट्ट्याचं टोक पिळून आत फिरवतात.”